गावकुसाबाहेरची मंडळी

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाविषयी मराठी वाचकाला जे ठाऊक असते, ते बहुतेक दोन-तीन थोर माणसांमुळे. पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. तिघांविषयीही मला अपार आदर आहे. पण हे तिघेही ब्राह्मण घरांतून आलेले. रमाबाई आणि टिळक तर बाप्तिस्म्याच्या आधीच विद्वान म्हणून नावाजलेले होते, आणि आपली गोष्ट लिहून ठेवण्याइतके शब्द तिघांकडेही होते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्याच्या कितीतरी आधीपासून नेवासे, राहुरी, शेवगाव, पारनेर या भागांतल्या खेड्यांत महारवाड्याच्या कडेला एका खोलीत रविवारी माणसे जमत होती, प्रार्थना करत होती, मुलांना बाप्तिस्मा देत होती आणि आपला पाळक स्वतः निवडत होती. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी काही लिहिले. हे पुस्तक त्या माणसांविषयी आहे.

विषय मुद्दाम लहान घेतला आहे. मुंबईच्या मोठ्या चर्चविषयी, वसईच्या कॅथलिक परंपरेविषयी किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेविषयी इथे काही सांगायचे नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून ज्या ग्रामीण मंडळ्या उभ्या राहिल्या, तेवढाच हा परीघ. वडाळा बहिरोबा, चांदे, सोनई, देडगाव अशी गावे. पंधरा-वीस ख्रिस्ती घरे असली तरी मोठी मंडळी मानायची, असा हा प्रदेश.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो मिशनच्या अहवालांत सविस्तर सापडतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे दोन तरुण मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. १८३१ च्या अखेरीस मिशनने नगरला ठाणे घातले आणि १८३३ मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. १८४२ मध्ये नगरलाच ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. मराठीतल्या सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी हे एक. सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळेचे नाव मराठी वाचकाने ऐकलेले असते, कारण जोतीराव फुल्यांनी ती पाहिली होती आणि मग १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

खेड्यांच्या दृष्टीने खरे वळण आले ते १८५४-५५ मध्ये. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ताही स्वतःच पसरवावी, यावर त्यांचा भर होता. इंग्रजी शाळांवर होणारा खर्च त्यांना पटला नाही. काम लोकांच्या भाषेत व्हावे आणि पाळक लोकांतलेच असावेत, असा त्यांचा आग्रह. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना याच सुमारास पाळकाची दीक्षा मिळाली. इंग्रजी शाळा मिटल्या म्हणून मिशनवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. शहरात शिकू पाहणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले तर ती टीका रास्त आहे. पण खेड्यातल्या मंडळीला मराठीत बोलणारा, मराठीत उपदेश करणारा आणि तिच्याच मताने नेमलेला पाळक मिळाला तो या धोरणामुळे, हे नाकारता येणार नाही.

अमेरिकन बोर्ड काँग्रिगेशनल परंपरेतले. या परंपरेत स्थानिक मंडळी हीच पूर्ण मंडळी. तिच्यावर बिशप नाही की वरून हुकूम सोडणारे कोणी नाही. सभासदांनी एकत्र बसायचे, पाळक निवडायचा, पाळकाला कामात मदत करणारे डीकन निवडायचे. नवा माणूस आत घ्यायचा तर सगळ्यांसमोर त्याची साक्ष ऐकायची, त्याला प्रश्न विचारायचे आणि मग मत द्यायचे. कोणी मंडळीशी केलेला करार मोडला तर त्याला समज द्यायची, प्रसंगी काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे आणि पश्चात्ताप दिसला की परत घ्यायचे.

ज्या लोकांच्या हाती हा कारभार आला ते कोण होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. गावची वेस राखणे, सरकारी निरोप पोचवणे, मेलेले ढोर ओढणे ही त्यांची कामे. मोबदला बलुत्याचा आणि दारोदार मागून आणलेल्या भाकरीचा. गावच्या चावडीत त्यांनी उभे राहायचे ते बाहेर, आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही. अशा माणसाला रविवारच्या उपासनेनंतर विचारले जात होते, अमक्याला मंडळीत घ्यायचे की नाही, तुझे मत काय? गावपातळीवर मतदानाचा हक्क कायद्याने मिळायला अजून कित्येक दशके होती. बायकांचा आवाज या सभांत किती चालत होता, हे मंडळी-मंडळीप्रमाणे वेगळे होते. पण सभासद म्हणून नाव बाईचे स्वतःचे लागत होते, नवऱ्याच्या नावाआड नाही. मिशनच्या इतिहासकारांनी या गोष्टी शिस्तीचा भाग म्हणून नोंदवल्या आणि ते पुढे गेले. मला वाटते, नगर जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात त्यांना याहून मोठी जागा मिळायला हवी.

मंडळीची इमारत म्हणजे बहुतेक गावांत एकच खोली. सोमवार ते शनिवार तिथे शाळा आणि रविवारी उपासना. शाळेचा मास्तर अनेकदा उपदेशकही असे. आठवडाभर ज्या मुलांना तो बाराखडी शिकवी, त्यांच्याच आईबापांपुढे रविवारी शास्त्रपाठ वाची. गावच्या शाळेत अस्पृश्यांच्या मुलांना शिरकाव नव्हता, किंवा असला तर ओसरीपुरता. म्हणून मिशनच्या खोलीत ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलेही येत. त्यांतल्या किती जणांनी बाप्तिस्मा घेतला हे मोजणे मिशनच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. माझ्या दृष्टीने किती जण वाचायला शिकले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

वडाळ्याचे नाव या पुस्तकात वारंवार येईल. १८४६ मध्ये हिंदुस्थानात आलेले सॅम्युएल बेकन फेअरबँक पुढे वडाळ्याला राहिले आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांनीही याच जिल्ह्यात काम केले. फेअरबँक पक्ष्यांचे अभ्यासक होते. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे. शेती सुधारावी म्हणूनही त्यांनी खटपट केली. मात्र वडाळ्याची गोष्ट फेअरबँक घराण्याची म्हणून सांगण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अपुरी वाटते. पावसाळ्यात चिखल तुडवत गावोगाव फिरणारे उपदेशक, शाळामास्तर आणि बायकांना वाचायला शिकवणाऱ्या ‘बायबलबाई’ यांच्याशिवाय मिशनच्या बंगल्यातून एकही मंडळी उभी राहिली नसती.

आता श्रद्धेविषयी. मिशनविरोधी लिखाणात असे गृहीत धरलेले दिसते की खेड्यातल्या या माणसांना धर्मतत्त्व कळले नव्हते, ती धान्यासाठी आली. दुष्काळांचा संदर्भ यात नेहमी येतो. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीचा १८९९-१९०० चा दुष्काळ, दोन्हींनी नगर जिल्हा होरपळला. मिशनने मदतीची कामे काढली, अनाथ मुले सांभाळली आणि त्या काळात मंडळ्या वाढल्या, हे खरेच आहे. भुकेच्या वेळी ज्याने हात दिला त्याच्याकडे माणसे वळली, यात लपवण्यासारखे काही नाही. पण दुष्काळ सरला, मदत थांबली, तरी अनेक घरे मंडळीत टिकून राहिली. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे बलुते धोक्यात येई, सोयरीक तुटे, भावकी पाठ फिरवी. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी हमी दिली होती, पण त्या कायद्याचा उपयोग कोर्टापर्यंत पोचणाऱ्याला. गावात चालायची ती गावची रीत. पोटासाठीच आलेला माणूस इतके सोसून पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही.

ते काय मानत होते? मंडळीच्या करारात जे असे ते प्रॉटेस्टंट पंथात बहुतेक ठिकाणी मानले जाते तेच. देव एक आहे, तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा प्रकट झाला. माणूस पापी आहे आणि स्वतःच्या पुण्याईने सुटू शकत नाही. ख्रिस्त वधस्तंभावर मरण पावला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्याच्यावरच्या विश्वासाने, देवाच्या कृपेने तारण मिळते. पवित्र शास्त्र हा श्रद्धेचा आधार. संस्कार दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. विश्वासी आईबापांच्या तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा द्यायचा.

छापील शब्दांत हे कोरडे वाटेल. महारवाड्यात ते ऐकणाऱ्याला काय ऐकू आले असेल, याचा विचार करावा. जन्माने विटाळ लागतो असे ज्याला लहानपणापासून सांगितले गेले, त्याला इथे सांगितले जात होते की पाप सगळ्यांचे सारखे आहे, ब्राह्मणाचे आणि महाराचे, आणि क्षमाही सारखीच आहे. देवाने माणसाचे रूप घेतले ते सुताराच्या घरी, आणि तो जेवायला बसला तो समाजाने टाकलेल्यांच्या पंगतीला. कृपेची शिकवण युरोपात पाद्र्यांच्या वादांतून घडली. नेवासे तालुक्यात ती थेट विटाळाच्या कल्पनेवर जाऊन आदळली. या मंडळ्यांच्या श्रद्धेचे मर्म मला इथे सापडते, आणि पुस्तकातली पुढची सगळी मांडणी याच समजुतीवर उभी आहे.

प्रभुभोजन हा या समजुतीचा कसोटीचा प्रसंग. एका भाकरीचे तुकडे आणि एक प्याला. खिस्ती आणि मोडक यांच्यासारखे ब्राह्मण घरातून आलेले पाळक आणि अस्पृश्य वाड्यांतून आलेले सभासद एका प्याल्याला ओठ लावत, तेव्हा बाहेरच्या जगात एका पाणवठ्यावर येण्याचीही मुभा नव्हती. तरी जात मंडळीच्या दाराशी थांबली, असे मी लिहिणार नाही. महार आणि मांग या दोन वाड्यांतले जुने अंतर अनेक ठिकाणी मंडळीतही शिरले. सोयरिकी पूर्वीच्याच जातीत जुळत राहिल्या. शिकलेली, शहरात गेलेली ख्रिस्ती घरे आणि खेड्यातली घरे यांच्यातही दुरावा पडला. ज्या समाजाने समतेवर विश्वास ठेवून एवढी किंमत मोजली त्याच्यात हे घडले याचे दुःख वाटते, आणि म्हणून ते झाकून ठेवलेले नाही.

उपासनेच्या संगीतावर एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. विषय माझ्या आवडीचा आहे, पण तेवढ्यासाठी नाही. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या पहिल्या पिढीच्या मिशनऱ्यांनी मराठीत गीते रचली, ती पुष्कळशी पाश्चात्त्य चालींवर. ती गायली गेली, आजही गायली जातात. पण ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या माणसाच्या कानाला अभंग, ओवी आणि कीर्तन यांचीच सवय होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन नावारूपाला आणले. वीणा, मृदंग, टाळ घेऊन कीर्तनकार उभा राही आणि आख्यान लावी ते उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे. ज्यांनी कधी मंडळीच्या खोलीत पाऊल टाकले नसते असे गावकरीही रात्री कीर्तनाला बसत. मिशनऱ्यांनीही हा प्रकार उचलून धरला. बापाचे घर सोडून गेलेला मुलगा, वाटणी, दुष्काळ आणि परतणे, हे आख्यान नगरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नव्हते.

टिळक आले ते या तयार जमिनीवर. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते म्हणत. नगर आणि राहुरीच्या वास्तव्यात त्यांनी शेकडो गीते आणि अभंग लिहिले. ‘उपासना संगीत’ हे मराठी मंडळ्यांचे गीतपुस्तक त्यांच्या रचनांशिवाय कल्पनेतही येत नाही. ‘ख्रिस्तायना’चे काम त्यांच्या हयातीत अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला आणि १९१९ मध्ये ते गेले. परदेशी पैशावर न चालणारी, इथल्या मातीतली मंडळी हे त्यांचे स्वप्न होते. साहित्यिक टिळकांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. पण ज्या खेड्यांतल्या मंडळ्यांनी त्यांची गीते तोंडपाठ करून शंभर वर्षे जिवंत ठेवली, त्यांच्याविषयी साहित्याच्या इतिहासात एक ओळही नसते. अक्षरओळख नसलेल्या आज्या ही गीते पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत म्हणत. मराठी कवितेचा असा निष्ठावान वाचक, म्हणजे गायक, दुसरीकडे क्वचितच सापडेल.

वर्षाचे चक्र नाताळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा रविवार यांच्याभोवती फिरते. त्याला जोडूनच हंगामाचा सण. बाजरी, ज्वारी, भाजी, कोंबडी, अंडी, ज्याच्या घरी जे असेल ते वेदीपाशी आणून ठेवायचे आणि उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा. आलेला पैसा मंडळीच्या खर्चाला. रोख पैसा ज्यांच्या हाती क्वचितच येई, त्यांनी पाळकाचा पगार आणि छपराची डागडुजी अशी चालवली. स्वावलंबनावर अमेरिकन बोर्डाने बॉस्टनहून लिहिलेली पत्रे एकीकडे आणि अर्धा लिलाव उधारीवर घेऊन सुगीला पैसे फेडणारा सभासद दुसरीकडे. मला दुसऱ्याविषयी अधिक लिहावेसे वाटले.

विसाव्या शतकाचा उत्तरार्ध या मंडळ्यांना जड गेला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एकाच वाड्यातली, एकाच आडनावाची घरे काही बौद्ध झाली, काही ख्रिस्ती होतीच. गावाने दोघांनाही वागवले ते एकाच नजरेने, पण सवलत मिळाली एकाला. परिणाम असा की पुष्कळ घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असे चालू राहिले. या घरांना दुटप्पी म्हणणे सोपे आहे. मी ते म्हणणार नाही. मुलाची शिष्यवृत्ती आणि आपली श्रद्धा यांतून निवड करायला लावणारी व्यवस्था अन्यायाची आहे, आणि दोष तिचा आहे.

संघटनाही बदलली. १९२४ मध्ये या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या ही मोठीच गोष्ट. पण काँग्रिगेशनल खेड्याला त्यासोबत बिशप मिळाला, आणि पाळक निवडण्याचा जो हक्क त्याच्या आजोबांनी बजावला होता तो बदलीच्या आदेशावर गेला. ऐक्याचे मोल मी कमी लेखत नाही. तरी खेड्यातल्या मंडळीची स्वतः निर्णय घेण्याची सवय या काळात ढिली पडली, असे माझे मत आहे. तरुण पिढी नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, औद्योगिक वसाहतींत गेली. मिशनच्या अनेक शाळा बंद पडल्या. काही गावांत आज पाळक महिन्यातून एकदाच येतो आणि मधल्या रविवारी गावातलीच एखादी बाई उपासना चालवते. ती खूप चांगली चालवते.

या पुस्तकाच्या कामात सर्वांत जास्त अडचण आली ती कागदांची. अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी धाडलेली पत्रे आणि अहवाल आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट सांभाळलेले आहेत. मिशनरी काय खात होते, कोणत्या दिवशी कोणाला ताप आला, हेही तिथे वाचता येते. पण खेड्यातल्या मंडळीचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर, सभेच्या इतिवृत्ताची वही, लिलावाचा हिशेब, कीर्तनकाराने हाताने उतरवलेली आख्याने यांचा वाली कोणी नाही. हे कागद ट्रंकेत आहेत, माळ्यावर आहेत, वाळवी लागलेल्या कपाटात आहेत. अनेक घराण्यांचे १९०० च्या आधीचे लेखी नाव असेल तर ते कदाचित फक्त तिथेच असेल.

म्हणून वाचकांना, विशेषतः नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांना, माझी कळकळीची विनंती आहे. आजोबा पाळक, मास्तर, डीकन किंवा कीर्तनकार असतील तर घरातल्या वह्या शोधा. रद्दीत घालू नका. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, एक प्रत मंडळीत ठेवा आणि एक जवळच्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्या. ज्यांना जुनी गीते आणि आख्याने पाठ आहेत अशी वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांच्यापाशी बसून ती ध्वनिमुद्रित करा. हे काम येत्या दहा वर्षांत झाले नाही, तर पुढे ते करणे कोणालाही शक्य होणार नाही.